बाइकवरच्या पाच रंगी पताका: विरून गेल्या की त्यांचं काय करायचं?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही चौघं मनाली–लेह–श्रीनगर करून आलो. लेहच्या बाजारात बाकीच्यांनी घेतल्या म्हणून मीही पाच रंगांच्या तिबेटी प्रार्थना-पताकांची एक माळ घेतली आणि हेडलाइटच्या वर हँडलला बांधली. तेव्हापासून ती तिथेच होती. कोकणातले दोन पावसाळे तिने काढले. आता निळ्याचा राखाडी झालाय, पांढरा आणि पिवळा वेगळे ओळखू येत नाहीत आणि हिरव्याच्या नुसत्या दशा लोंबतायत.

परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली. मेकॅनिकने कात्री हातात घेऊन विचारलं, "ताई, हे कापून टाकू?" मी एकदम "नको" म्हणाले. का नको, ते मात्र मला सांगता येईना. माळ सोडवून घरी आणली. आईने पाहिली आणि म्हणाली, "त्यावर मंत्र आहेत ना? मग केरात जायचं नाही. निर्माल्याबरोबर पाण्यात सोड." आता प्लॅस्टिकसारखं दिसणारं हे कापड नदीत सोडायला माझं मन तयार नाही. म्हणून ती माळ चार दिवस पुस्तकांच्या कपाटावर पडून आहे.

वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, सगळ्या घाटांतून भर पावसात गाडी चालवली. एकदाही पडले नाही आणि मनातल्या मनात त्याचं थोडं श्रेय या माळेला देत आले. पण तिच्यावर काय लिहिलंय, घोडा का आहे, हे रंग याच क्रमाने का, यातलं मला काहीच माहीत नाही. याची मला खरंच लाज वाटतेय. जाणकारांनी सांगावं. आणि हिचं नेमकं काय करू तेही.

चेन आणि स्प्रॉकेट

अर्थ जाणकार सांगतील, मी आधी सुरक्षेचं बोलतो. कारण शुभ म्हणून बांधलेल्या याच माळेने माझ्या मित्राला पाडलंय.

मनाली–लेह वाटेवर मोरे मैदानात, पांगच्या पुढे, रस्ता सरळसोट आहे आणि वारा आडवा येतो. त्याने माळ मागच्या कॅरिअरला एकाच टोकाला बांधली होती, दुसरं टोक मोकळं फडफडत होतं. फोटोत छान दिसतं. ते टोक सामान बांधायच्या बंजी दोरीखाली दाबलेलं सुटलं, चाकात गेलं आणि दोरी चेन नि स्प्रॉकेटमध्ये गुंडाळली गेली. वेग साठच्या आसपास होता. चाक जाम झालं आणि गाडी आडवी झाली. गळपट्टीचं हाड मोडलं. लेहपर्यंतचा बाकीचा प्रवास त्याने एका ट्रकच्या केबिनमध्ये केला. दोरी कापून काढायला आम्हाला पाऊण तास लागला, कारण ती नायलॉनची होती आणि घट्ट बसून वितळली होती.

तेव्हा नवीन बांधायची असेल तर दोन्ही टोकं पक्की बांधा, मध्ये झोल ठेवू नका. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कुठे ताण येतो का, अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडते का. हेडलाइटच्या काचेवर, इंडिकेटरवर, नंबर प्लेटवर एकही पताका येता कामा नये. सायलेन्सरच्या जवळपास तर नकोच. आणि दर हजारेक किलोमीटरला गाठी तपासा. आपण चेनला तेल देतो, तेव्हाच हे करून टाकायचं.

लिपीवेडा

घाटवाट, प्रश्न फार चांगला विचारलात. मी गेली काही वर्षं तिबेटी लिपी शिकतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

या माळेचं नाव 'लुंगता'. 'लुंग' म्हणजे वारा, 'ता' म्हणजे घोडा. वाऱ्याचा घोडा. प्रत्येक पताकेच्या मधोमध जो घोडा आहे त्याच्या पाठीवर ज्वाळांनी वेढलेलं रत्न असतं, तुमच्या माळेवर अजून दिसतं का बघा. चार कोपऱ्यांत चार प्राणी: गरुड, ड्रॅगन, वाघ आणि हिमसिंह. पुष्कळदा चित्रांऐवजी त्यांची फक्त नावं लिहिलेली असतात. मधल्या जागेत मंत्र असतात आणि 'ॐ मणि पद्मे हूं' त्यांत बहुधा सापडतोच. पूर्वी हे लाकडी ठशांनी सुती कापडावर छापत. लाकडात अक्षरं उलटी कोरायची, शाई लावायची, कापड दाबायचं. आता बाजारात मिळतात त्यांतल्या बऱ्याचशा कृत्रिम धाग्याच्या असतात.

रंगांचा क्रम निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. म्हणजे आकाश, वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी. हा क्रम वाचताना मी थबकलो होतो. आपल्याकडे उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून पाणी आणि पाण्यापासून पृथ्वी असा जो क्रम येतो, तोच हा. काही परंपरांत पांढरा आणि हिरवा यांची अदलाबदल असते, पण सर्रास दिसतो तो हाच.

आता मुख्य गोष्ट. 'लुंगता' हा शब्द तिबेटी माणूस नुसता कापडासाठी वापरत नाही. माणसाचं नशीब, त्याची उमेद, त्याच्या कामाला मिळणारी गती, या सगळ्याला मिळून तो लुंगता म्हणतो. कुणाचं सगळं सुरळीत चाललं असेल तर त्याचा लुंगता वाढलाय, आणि एकामागून एक अडचणी येत असतील तर त्याचा लुंगता खचलाय. मंगोलियातही हीच कल्पना 'हीमोर' नावाने आहे, त्याचाही अर्थ वाऱ्याचा घोडा. १९९२ सालापासूनच्या मंगोलियाच्या राजचिन्हात तो घोडा आहे.

आणि तुम्हा दुचाकीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. बोली तिबेटीत नशिबाला आणखी एक शब्द आहे, 'लाम-डो'. 'लाम' म्हणजे वाट आणि 'डो' म्हणजे जाणे. ज्याची वाट चालते तो नशीबवान! मला हा शब्द कळला त्या दिवशी मी वहीत तीन वेळा लिहून ठेवला होता.

घाटवाट

लाम-डो! किती सुंदर. आपण नाही का म्हणत, "वाटेला लागला" किंवा "मार्गी लागला"?

माळ खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. चार पताकांवर काहीच उरलेलं नाही. पिवळीवर मात्र घोड्याची मान आणि पुढचा एक पाय दिसतोय. रत्न नाही दिसत. दोन वर्षं मी हे समोर धरून गाडी चालवली आणि घोडा आहे एवढंच पाहिलं होतं, त्याच्या पाठीवर काही आहे हे कधी पाहिलंच नाही.

जुनी राजदूत

मी वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा असेन, म्हणून जरा जुनं सांगतो.

मी पहिल्यांदा लेहला गेलो १९९७ साली. खारदुंग ला ('ला' म्हणजे खिंड) सामान्य लोकांना खुला होऊन तेव्हा नऊच वर्षं झाली होती. वर पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं आणि आम्ही छाती फुगवून फोटो काढले. पुढे नीट मोजमाप झालं तेव्हा कळलं की ती खिंड ५,३५९ मीटरवर आहे, म्हणजे १७,५८२ फूट. असो. सांगायचं होतं ते हे की तेव्हा पताका खिंडीत असत. गोंपांवर, म्हणजे बौद्ध मठांवर असत, पुलांवर असत, घरांच्या छपरांवर असत. मोटरसायकलवर पताका मी त्या प्रवासात एकही पाहिली नाही. ट्रकवाल्यांकडे आरशाला पांढरं रेशमी उपरणं बांधलेलं असे, त्याला खतक म्हणतात. आणि काचेवर एखाद्या लामांचा फोटो. मी माझी माळ तांगलांग लाला बांधली आणि मोकळ्या हाताने परत आलो. गाडीवर बांधायचं मनातही आलं नाही.

मग साधारण पुढच्या दहा वर्षांत ती गाडीवर आली. तेव्हा तिचा अर्थ एकच होता: हा माणूस जाऊन आलाय. पुणे–बेंगलोर रस्त्यावर एखाद्या धाब्यापुढे विटक्या पताका लावलेली बुलेट उभी दिसली की मी मुद्दाम थांबायचो. आत जाऊन विचारायचो, "केव्हा गेला होतात?" तेवढ्या एका वाक्यावर तासभर गप्पा व्हायच्या. सरचूला कोणाला उंची लागली, कुठल्या नाल्यात कोणाची गाडी बंद पडली. त्या वेळी पताका जितकी विटकी तितका मान जास्त. मी अशा तीन-चार माणसांशी आजही जोडलेला आहे, ओळख फक्त पताकेमुळे.

आता शोरूममधून गाडी निघते तीच पताका लावून. सुरुवातीला मला त्रास व्हायचा. न गेलेल्याने खूण लावायची म्हणजे काय, असं वाटायचं. पण मागच्या वर्षी माझं मत बदललं.

आमच्या सोसायटीत रात्री जेवणाची पार्सलं घेऊन येणारा एक मुलगा आहे. शंभर सीसीची गाडी, मागे मोठी पेटी आणि हँडलला ही माळ. मी त्याला विचारलं, "लेहला गेला होतास का रे?" तो म्हणाला, "नाही काका. जायचंय, म्हणून बांधलीय." मी गप्प झालो. आपल्याकडे नवस बोलताना झाडाला धागा बांधतात, तसा त्याने बांधला होता. आणि रोज रात्री पावसात, खड्ड्यांतून, घड्याळाशी शर्यत लावत हिंडणाऱ्या त्या पोराला रस्त्यावरच्या नशिबाची गरज माझ्यापेक्षा किती जास्त आहे! लिपीवेडा यांनी सांगितलेला शब्द त्याला सांगणार आहे मी.

गावठाण

सगळं वाचलं. एक मनापासून विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे गाडीला लिंबू-मिरची आहे, काळी बाहुली आहे, खंडेनवमीला झेंडूचं तोरण आणि नारळ आहे. मग परक्या मुलखातलं कापड कशाला? त्यावरची अक्षरंसुद्धा आपल्याला वाचता येत नाहीत. वाचता न येणारी गोष्ट पुढे बांधून चालायचं म्हणजे आपली श्रद्धा नेमकी कशावर?

लिपीवेडा

गावठाण, राग कशाला, प्रश्न योग्यच आहे. पण ही गोष्ट परक्या मुलखातली कितपत आहे ते बघा.

तिबेटात बौद्ध धर्म पोचण्याआधीपासून तिथल्या बोन परंपरेत रंगीत कापडं बांधायची चाल होती असं सांगतात. पण त्यावर मंत्र आणि धारणी, म्हणजे लांब मंत्रपाठ, लिहिणं, ही गोष्ट भारतातून गेली. पाली सूत्रांत 'ध्वजाग्र' नावाचं एक सूत्र आहे. देव आणि असुरांच्या युद्धात शक्र, म्हणजे इंद्र, देवांना सांगतो की भीती वाटली, अंगावर काटा आला, तर माझ्या ध्वजाच्या टोकाकडे बघा, भीती जाईल. बुद्ध ही गोष्ट भिक्षूंना सांगतात आणि म्हणतात की रानात एकटे असताना भीती वाटली तर बुद्ध, धम्म आणि संघ यांचं स्मरण करा. म्हणजे वाटेवरची भीती आणि ध्वज यांचं नातं तिथपर्यंत मागे जातं. पुढे विक्रमशिला विद्यापीठाचे आचार्य अतीश १०४२ साली तिबेटात गेले आणि त्यांनी कापडावर ठसे छापायची रीत तिथे शिकवली, असं तिबेटी परंपरा मानते.

मग १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले. धरमशालेला त्यांची वस्ती झाली, लेहजवळ चोगलमसरला झाली. ते ठसे, ते कापड घेऊन तेही आले. इथून वर गेलेली गोष्ट नऊशे वर्षांनी परत खाली आली, असं मी म्हणेन. लडाख तर या परंपरेत आधीपासूनच होतं.

अक्षरं वाचता येत नाहीत हे खरं. पण आजीच्या गळ्यातल्या ताइतातला कागद तरी तिने कुठे वाचला होता?

बोरघाट

गावठाणांच्या प्रश्नाला माझीही जोड. मी पंचवीस वर्षं ट्रक चालवला, आता मुलगा चालवतो. खिंडीत थांबायची रीत आपल्याकडेही आहे. खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा तो धनगर. ड्रायव्हर लोक तिथून जाताना नाणं टाकतात, हात जोडतात. कसाऱ्याचा घाट चढून वर आलं की इगतपुरीला घाटनदेवी. कितीही उशीर झालेला असो, मी तिथे ब्रेकवर पाय ठेवून एक क्षण मान लववल्याशिवाय कधी पुढे गेलो नाही.

२०११ मध्ये माल घेऊन लेहला गेलो तेव्हा प्रत्येक खिंडीत दगडांची रास, त्यावर शिंगं, फांद्या, पताका. आमच्याबरोबरचा लडाखी ड्रायव्हर वर पोचला की खिडकीतून मोठ्याने ओरडायचा, "की की सो सो ल्हारग्यालो!" देवांचा विजय असो, असा अर्थ त्यानेच सांगितला. मला वाटलं, ही आपली घाटनदेवीच. नाव वेगळं, उंची वेगळी. घाट चढून आलेल्या माणसाच्या छातीत जे होतं ते सगळीकडे एकच.

आणि वारीत दिंडीपुढे पताका असतेच की. चालणाऱ्याच्या खांद्यावर. तीही वाटेचीच.

पातळ हवा

मला इथे कडू बोलावं लागेल.

मागच्या ऑगस्टमध्ये खारदुंग लाला होते. कठड्यावर, पाटीवर, तारांवर पताकांचे थरच्या थर. नव्या माळा जुन्यांवर, त्यावर आणखी नव्या. खालच्या उतारावर तुटलेल्या माळांचे गोळे बर्फात अडकलेले. कृत्रिम धागा कुजत नाही, उन्हाने फक्त तुकडे होतात. एक मुलगा माझ्यासमोर बुटाखाली माळ दाबून दोरी ताणत होता. फोटोसाठी. त्याला मी सांगितलं की हे जमिनीला लागू देत नाहीत, त्यावर देवाची नावं आहेत. तो "सॉरी" म्हणाला आणि खरंच खजील झाला. म्हणजे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुकानात विकत घेताना कोणी सांगत नाही. बाइक भाड्याने देताना कोणी सांगत नाही. फोटो टाकणारे तर सांगतच नाहीत. कुणाची तरी प्रार्थना आपण सजावट म्हणून वापरतो आणि वर तिचा कचरा त्याच्याच डोंगरावर टाकून येतो. मला हे सहन होत नाही. माझ्या गाडीवर मी पताका लावत नाही आणि लावणारही नाही.

घाटवाट

पातळ हवा, तुमचं म्हणणं लागलं, पण पटलंही. मी स्वतः माळ बांधताना सीटवर ठेवली होती, जमिनीवर नाही, पण ते केवळ योगायोगाने. कोणी सांगितलं नव्हतं.

इथे लडाखमध्ये राहिलेलं कोणी आहे का? त्यांना गाडीवरच्या पताकांबद्दल काय वाटतं?

सिंधूकाठी

मी आहे. म्हणजे, होते. यजमानांच्या नोकरीमुळे चार वर्षं लेहमध्ये काढली, भाड्याच्या घरात. घरमालकीणबाईंना आम्ही आमा-ले म्हणायचो. 'आमा' म्हणजे आई आणि 'ले' आपल्या 'जी'सारखं.

पहिल्या वर्षी मी गच्चीवर हौसेने पताका बांधायला निघाले तर आमा-लेंनी हात धरला. "आज नको." त्यांनी पंचांग पाहिलं, एक दिवस सांगितला. काही दिवस वर्ज्य असतात. अशा दिवशी बांधली तर ती फडकत राहील तोवर अडचणी येत राहतात, असं मानतात. मग त्या दिवशी सकाळी शुक्पाची, म्हणजे जुनिपरच्या झाडाची, पानं जाळून धूर केला आणि माळ बांधली. बांधताना मला म्हणाल्या, "तुझ्या घरासाठी मागू नको. सगळ्यांसाठी माग. वारा तुझ्या घरावरून जातो आणि शेजाऱ्याच्याही घरावरून जातो."

मला तेव्हा कळलं की आपण ज्याला ताईत समजतो ती ही गोष्ट नाहीच. ताईत माझ्या गळ्यात, माझ्यासाठी. इथे कापडावरून वारा जातो आणि मंत्र घेऊन ज्याला लागेल त्याला देतो. पुढच्या गावाला, मेंढ्यांना, खिंडीतून जाणाऱ्या अनोळखी माणसाला. रंग उडाला, कापड विरलं, की लोक हळहळत नाहीत. मंत्र वाऱ्याबरोबर गेले, काम झालं. नव्या वर्षाला नवी माळ जुन्याशेजारी बांधतात.

गाडीवरच्या पताकांबद्दल मी त्यांना मुद्दाम विचारलं होतं, कारण आमच्या गल्लीतून उन्हाळ्यात रोज वीस-पंचवीस बाइक जायच्या. त्यांना अपमान वगैरे वाटला नव्हता. म्हणाल्या, मुलं लांबून येतात, आई घरी काळजी करत असेल, बांधू देत. पण दोन गोष्टी त्यांना खुपायच्या. मागे, पायाजवळ, चिखल उडेल तिथे बांधलेली पताका. आणि त्यावर बसणं. एकदा एका मुलाने सीटच्या खालून माळ गुंडाळली होती. आमा-ले घरातून बाहेर आल्या, स्वतःच्या हाताने ती सोडवली आणि हँडलच्या आरशांमध्ये बांधून दिली. त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत, भाषेचा प्रश्न होता. पण जाताना त्याच्या हेल्मेटवर हात ठेवला.

पातळ हवा, तुमचा राग खरा आहे. लेहमधल्या लोकांनाही त्या ढिगांचा त्रास होतो. पण पताका न लावणं हा एकच उपाय आहे असं मला वाटत नाही. सुती घ्यावी, एकच घ्यावी, उंच बांधावी, विरली की आपणच तिचा शेवट करावा.

पातळ हवा

हेल्मेटवर हात ठेवला, हे वाचून मी थांबले.

मी लावणार नाही हे कायम. पण लावणाऱ्यांशी आता वेगळ्या आवाजात बोलेन.

घंटानाद

थोडं विषयांतर, पण जवळचं. माझ्या गाडीला, इंजिनाच्या खाली, रस्त्याला अगदी जवळ एक छोटी पितळी घंटा आहे. अमेरिकेतल्या बाइकवाल्यांची रीत. बहिणीने दिली.

तिची गोष्ट अशी. रस्त्यावर 'ग्रेमलिन' नावाची खोडकर भुतं असतात. ती गाडीला चिकटतात आणि वायरी सैल करतात, नट पाडतात, ब्रेक बिघडवतात. घंटेच्या पोकळीत ती अडकतात, आवाजाने वेडी होतात आणि खाली रस्त्यावर पडतात. रस्त्यावरचे खड्डे म्हणे त्यांच्या पडण्यानेच होतात. हे 'ग्रेमलिन' मूळचे मोटरसायकलवाल्यांचे नाहीतच, ते विमानवाल्यांचे. ब्रिटिश हवाई दलातल्या वैमानिकांच्या बोलीतला हा शब्द, छापील स्वरूपात १९२९ साली माल्टामध्ये आलेला. दुसऱ्या महायुद्धात कारण न कळणाऱ्या प्रत्येक बिघाडाचं खापर त्यांच्यावर फुटायचं. युद्धानंतर परतलेल्या अनेक अमेरिकन सैनिकांनी मोटरसायकली धरल्या, क्लब काढले. ही भुतं त्यांच्याबरोबर जमिनीवर उतरली असावीत असं सांगतात.

पण मला आवडणारा नियम वेगळाच आहे. घंटा स्वतः विकत घेऊन लावली तर चालते, पण कोणी दिलेली असेल तर तिचं बळ दुप्पट. आणि चोरलेल्या घंटेबरोबर भुतंही चोराकडे जातात. म्हणजे घंटेत खरं काय असतं, तर दुसऱ्या कोणाला आपली काळजी आहे ही गोष्ट. बहिणीने ती पाठवली त्या आठवड्यात आमचं भांडण झालेलं होतं. चिठ्ठीत तिने एवढंच लिहिलं होतं, "हळू चालव."

लिंबू-मिरची वाईटाला अडवते, घंटा त्याला पकडते आणि ही पताका म्हणे स्वतःकडे काही ठेवतच नाही, वाटून टाकते. सिंधूकाठी यांचं वाचल्यापासून हे डोक्यात घोळतंय.

जुनी राजदूत

घंटानाद, देण्याचा हा नियम पताकेलाही लावावा असं मला वाटायला लागलंय. खतक तर लडाखमध्ये दिलंच जातं, निघणाऱ्याच्या गळ्यात घालतात.

काल त्या पार्सलवाल्या पोराला 'लाम-डो' सांगितलं. त्याने दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाला, "काका, ही माळ माझ्या मोठ्या भावाने दिलेली आहे. तो मॅकेनिक आहे, तोही गेलेला नाही." दोघं मिळून पैसे साठवतायत. माझ्याकडे जुनी सॅडल बॅगची जोडी पडून आहे, ती त्यांना देतोय. इथे कोणाकडे बऱ्या अवस्थेतला रेनकोट असेल तर कळवा, मध्यम माप.

चेन आणि स्प्रॉकेट

रेनकोट माझ्याकडे आहे. व्यक्तिगत निरोप पाठवतो. आणि त्यांची गाडी निघण्याआधी मी बघून देईन. शंभर सीसीने लेह होतं, पण क्लच प्लेट आणि मागची चेन नवी हवी, एअर फिल्टर जादा हवा आणि वर चढताना इंजिनाला वेळ द्यायला हवा. बारालाचा खिंडीच्या आधी एक रात्र उंचीवर मुक्काम करायलाच सांगा. गाडीपेक्षा माणसाला विरळ हवेची सवय व्हायला जास्त वेळ लागतो.

लिपीवेडा

घाटवाट, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. जुन्या पताका जाळतात, धुरातून उरलेलं वर जावं म्हणून. कचऱ्यात टाकत नाहीत, जमिनीवर ठेवत नाहीत. पण आधी धागा तपासा. एका कडेचा एक धागा काढा आणि काडी लावा. कागदासारखा जळला आणि भुरभुरीत राख झाली तर सुती. आक्रसला, वितळला आणि कडक काळा मणी झाला तर कृत्रिम. कृत्रिम असेल तर कृपा करून घरात जाळू नका, धूर वाईट असतो. ती धुवून, घडी घालून नीट ठेवा. ठेवण्यात अनादर नाही.

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी काय झालं ते सांगते.

धागा काढून जाळून बघितला. राख झाली, भुरभुरीत. सुती! मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली. आई येऊन बघून गेली आणि थोड्या वेळाने स्वतःच घमेलं, दोन गोवऱ्या आणि धूप घेऊन गच्चीवर आली. शुक्पा आपल्याकडे कुठला, म्हणून धूप. दिवस कोणता चांगला हे मला कळत नव्हतं, तर आईने कॅलेंडर पाहून अमावस्या नाही ना एवढं बघितलं.

एकेक पताका दोरीवरून उसवून काढली. निळी आधी, मग क्रमाने. आई विचारत होती आणि मी सांगत होते: आकाश, वायू, अग्नी. पाण्यापाशी आली तेव्हा तीच म्हणाली, "आणि मग पृथ्वी." पिवळी पताका हातात घेऊन तिने चष्मा लावून घोडा शोधला. तिला तो माझ्याआधी सापडला.

सिंधूकाठी यांचं वाक्य आठवून मी माझ्यासाठी काही मागितलं नाही. त्या दोन भावांची नावं मला माहीत नाहीत, पण गच्चीवर ते दोघं माझ्या मनात होते. चेन आणि स्प्रॉकेट यांचा तो मित्र होता. बोरघाट यांचा मुलगा होता, आत्ता कुठल्या घाटात असेल कोण जाणे. वारा पश्चिमेकडून होता, धूर शेजारच्या इमारतीवर गेला. तिथल्या काकू खिडकीतून काय चाललंय विचारत होत्या, आईने त्यांना पूर्ण गोष्ट सांगितली, अतीशांसकट. मला वाटलं नव्हतं की तिने एवढं लक्ष देऊन ऐकलं असेल.

राख तुळशीत घातली.

नवी माळ मी सध्या बांधत नाहीये. आई म्हणाली, "पुढची मी आणून देईन." कुठून आणणार ते तिने सांगितलेलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता एकच अडचण उरली आहे. कापड सुती असलं तरी दोरी नायलॉनची निघाली. ती धुऊन, गुंडाळून टूलकिटमध्ये ठेवली आहे. तिच्यावर मंत्र नव्हते, पण दोन वर्षं मंत्र तिच्यावरच टांगलेले होते. लिपीवेडा, सिंधूकाठी, तिचं काय करतात?